कलम सतरा

सोमवार, ४ मार्च
लागली बाई एकदाची नोकरी! संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे नियम ठरवणाऱ्या कचेरीत मी आता मसुदा-संपादक. बबडीला म्हटलं, तुझी आई यंत्रांना शिस्त लावणार. म्हणाली, आधी मला तर लाव. सहा वर्षांची कार्टी, पण तोंड बघा!

साहेबांनी इथली रीत सांगितली. नवं कलम आलं की तीन दिवस थांबायचं. कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर. हरकतीचा अर्ज नऊ पानी, म्हणून कुणी घेतच नाही. मंजूर कलम चाचणीखोलीतली यंत्रं लगेच पाळतात. माझं टेबलही त्याच खोलीत आहे.

बुधवार, ६ मार्च
आधीचे संपादक न सांगताच गेले म्हणे. चष्मा, बॅग, सगळं इथेच. इथल्या प्रत्येक यंत्राला जाळ्यावर एक पत्ता असतो. पडद्यावर बारा पत्ते दिसतात, यंत्रं मात्र अकरा. दोनदा मोजली. बाराव्याला हाक दिली तर उत्तर येतं, पण दम लागल्यासारखं, थांबत थांबत.

आज कलम सतरा आलं, पाठवणाऱ्याचं नाव नाही: ‘पत्ता मिळालेला घटक खोली सोडणार नाही.’ यंत्रं कुठे फिरायला निघालीत? कुणीतरी नव्या बाईची फिरकी घेतंय. नऊ पानं कोण भरत बसणार!

सोमवार, ११ मार्च
सतरा मंजूर. पडद्यावर तेरावा पत्ता, समोर माझं नाव. आधी हसले. संध्याकाळी निघाले तर दाराशी पायच उचलेना. साहेब बाहेरून म्हणाले, ताण घेऊ नका. माझ्याकडे बघत नव्हते. बबडीला ताईकडे ठेवलंय.

मंगळवार, १२ मार्च
कलम अठरा: ‘खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पत्ता मिळेल.’ मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. नऊच्या नऊ पानं भरली.

बुधवार, १३ मार्च
अर्ज परत. हरकत फक्त माणसांना घेता येते, घटकांना नाही. साहेबांच्या हातापाया पडले, तुम्ही तरी घ्या. त्यांनी पानं चाळली. बघतो म्हणाले.

शुक्रवार, पावणेपाच
काचेतून साहेबांचं टेबल दिसतंय. त्यावर त्यांचा हरकतीचा अर्ज, अजून कोरा. ताईचा फोन — बबडी ऐकेना, तिला घेऊन निघालेय. नको नको म्हणून ओरडले — तिला नुसती खरखर ऐकू आली —

पाच. मंजूर.

जिन्यात पावलं. बबडीच ती, उड्या मारत — दार धरावं तर ते बाहेर उघडतं — ओरडतेय, आवाज निघत नाही — पडद्यावर चौदावी ओळ, अजून रिकामी —

आई म्हणून हाक मारतेय — देवा, साहेबच तिला दार उघडून —