अर्धा इंच कुठून मोजायचा

सिस्टर, तुम्ही आम्हाला भूमिती शिकवायचात. पेडण्याच्या हार्डवेअरवाल्याची मुलगी, एवढं सांगितलं तर कदाचित तुम्हाला मी आठवेन. तुम्हाला जाऊन फार वर्षं झाली. माझीही नोकरी संपली, गुडघे गेले, आता भांडायचं म्हटलं तरी आधी खुर्ची शोधावी लागते. तरी आज लिहायला बसले, कारण सकाळी माझ्याच स्वयंपाकघरात पुन्हा तेच घडलं.

पाणी गाळायचं यंत्र बसवायला माणूस आला होता. त्याने पिशवीतून पांढऱ्या नळीचं वेटोळं काढलं आणि म्हणाला, ही पाव इंची. माझी वहिनी चहाचा कप घेऊन तिथेच उभी. तिने नळीचं तोंड डोळ्याला लावलं. "पाव इंच म्हणे! ह्यातून मूग तरी जातलो? फसयतत गो आमकां." तो माणूस खाली बघून स्क्रू पिळत राहिला, कान मात्र लाल झाले. मी म्हटलं, "वहिनी, नळी भायल्यान मोजतत. उगीच कोणाक चोर करू नको." "मगे आतल्या पाण्याचा काय?" "पाणी येतला. तू चाय पी." आवाज गरजेपेक्षा बराच चढला. वहिनी अजून फुगून बसली आहे. बसू दे. ते लाल कान मी आधी पाहिले होते.

तुमच्या विज्ञानाच्या खोलीत डिस्टिल्ड वॉटर करायचं एक भांडं होतं. त्याची तांब्याची नळी फुटली. तुम्ही बाबांकडे अर्ध्या इंचाची नळी मागितलीत. आमच्या दुकानात खिळे, बिजागऱ्या, दोर आणि लोखंडी पाइप. तांब्याची नळी बाबांनी त्याआधी कधी विकली नव्हती. मुद्दाम म्हापशाला जाऊन त्यांनी ती आणली आणि स्वतः पोचवली. दुसऱ्या दिवशी वर्तुळाचा व्यास शिकवताना तुम्ही तीच नळी घेऊन वर्गात येता. तिच्या तोंडावर पट्टी धरता. आतलं भोक अर्धा इंच भरत नाही. तुम्ही माझ्याकडे बघता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "तुज्या बापायक सांग, माप उणें दिवप पातक." मुली हसतात. मी उभीच आहे, कारण बस म्हणायला तुम्ही विसरलात.

घरी येऊन मी रडत सांगितलं. मला वाटलं होतं, बाबा तडक शाळेत येतील आणि तुम्हाला चार शब्द सुनावतील. ते काउंटरमागे उभे होते. त्यांचे कान लाल झाले. "टीचर खोटा कित्याक सांगतली गो? माजाच कायतरी चुकला आसतला." संध्याकाळी ते शाळेच्या फाटकाशी गेले, नळी बदलून देतो म्हणाले. तुम्ही म्हणालात, राहू दे आता. आणि ती नळी बसली, सिस्टर! भांड्याला अगदी घट्ट बसली, मी शाळा सोडेपर्यंत चालली. एकदा तरी तुमच्या मनात यायला हवं होतं की कमी मापाची नळी इतकी बरोबर बसली कशी? बाबांनी त्याचा अर्थ असा लावला की टीचरने सांभाळून घेतलं. म्हणून दर उन्हाळ्यात मानकुराद आंब्यांची पाटी कॉन्व्हेंटला. आंबे गोड असल्याचं तुम्ही मला वर्गात सांगायचात.

पुढे मी पणजीला सरकारी पाणी खात्यात लागले. पाइपांच्या खरेदीचे कागद माझ्या टेबलावर यायला लागले तेव्हा खरं काय ते कळलं. बाबा त्याआधीच गेले होते. आता तुम्ही ऐका. अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप आतूनही अर्धा इंच नसतो, बाहेरूनही नसतो. अर्धा इंच हे त्याचं नाव आहे. जुन्या काळी लोखंड जाड असायचं, तेव्हा आतलं भोक साधारण तेवढं भरायचं. पुढे पत्रा पातळ झाला, पण बाहेरचं माप बदललं तर जुन्या सांध्यांचे आटे बसणार नाहीत, म्हणून बाहेरचं तेच ठेवलं आणि नाव तेच राहिलं. नळीचं तसं नाही. ती बाहेरून मोजतात, आणि बाहेरून ती खरोखरच अर्धा इंच असते. आयुष्यभर पाइपच विकलेल्या बाबांनाही हे ठाऊक नव्हतं. तुम्ही पट्टी आत धरलीत. बाहेरून धरली असती तर तिथेच, सगळ्या वर्गासमोर, बाबा खरे ठरले असते.

त्या प्रसंगानंतर बाबा दुकानात काहीही मोजून दिलं की गिऱ्हाइकाला म्हणायचे, "तुमी एकदा मोजून बघा." लोक म्हणत, काय प्रामाणिक माणूस! मी शेजारी असायचे. त्यांना प्रामाणिक म्हटलं की ते दुसरीकडे बघायचे. आपण एकदा माप मारलं, असं मानूनच ते गेले.

रागाच्या भरात हे पत्र तुम्हाला लिहिलं, पण ते त्यांच्या नावाने असायला हवं होतं. तसं सुरूही केलं होतं. 'बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं' एवढं लिहिलं, आणि वाटलं, हे वाचून ते पहिलं काय विचारतील? म्हणतील, मग इतकी वर्षं मी मान खाली का घातली गो? ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून तो कागद फाडला आणि तुमच्यावर घसरले. तुमच्याशी भांडणं त्यामानाने सोपं आहे.