वेगळं कार्ड नसलेला लॅपटॉप

तात्यापारा, रायपूर

सौ. पद्मिनी, तुझ्या गुडघ्यांना आराम पडो.

मी बरा आहे. तू डोळ्यांत औषध घालतेस ना?

आपल्या अनुश्रीला इमारतींची चित्रं शिकायची म्हणून लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "दादाजी, ड्रॉइंग के लिए अलग ग्राफिक कार्ड वाला लो." मला वाटलं, वेगळं असलं तर पोट्टी कुठंतरी विसरून येईल. म्हटलं, सगळं आतच असू दे. आता कळलं, ते वेगळं कार्डही आतच बसवलेलं असतं; त्याच्याशिवाय पडद्यावर तिची इमारत अर्धी उभी राहते आणि लॅपटॉप अडकतो.

काल तिनं चित्रांचा क्लास सोडला. विचारलं, "काहून?" तर म्हणाली, "आजोबा, मुझे अकाउंट ही अच्छा लगता है." मला शब्दानंही दोष दिला नाही.

फोनवर ती हसून बोलेल. तू खोदून विचारू नको.

तुझा
वासुदेव