मुरिएलताईच्या बरणीतलं विरजण

स्लेथवेट, यॉर्कशर
गुरुवार, १४ मे

ती. मुरिएलताईस,

धाकट्या भावाचा (वय एकोणसत्तर, पण तुझ्या लेखी धाकटाच) नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? व्हिटबीचा वारा त्याला मानवत नाही असं तू लिहिलं होतंस. पण समुद्राजवळ राहायचा हट्ट गुडघ्याने धरला नव्हता, तू धरला होतास. मी अगदी मजेत आहे. झोप छान, भूक छान, आणि नाताळात तू दिलेलं जिंजर बीअरचं विरजणही छान आहे. काळजी नसावी.

त्या विरजणाबद्दल मात्र जरा बोलायचं आहे. बरणी हातात देताना तू बजावलं होतंस, की रोज चमचाभर सुंठपूड आणि चमचाभर साखर घाल, आठवड्याने गाळ, गाळलेल्या पाण्याची बीअर कर, आणि तळाचा गाळ अर्धा स्वतःला ठेवून अर्धा शेजारी दे. टाकायचा नाही, आईने कधी टाकला नाही. (आईला सहा बहिणी होत्या. तिला द्यायला माणसं होती.) आमच्या गल्लीत माझं सोडून घरं अकरा. मार्च संपेपर्यंत अकराही घरांत एकेक बरणी पोचली, आणि विरजण आपलं वाढतंच आहे. मग मी दुसरी फेरी सुरू केली. नऊ नंबरच्या पॉग्सनने मला बरणीसह येताना पाहून भर दुपारी पडदे ओढले. (मोटार दारात, कुत्रा खिडकीत, आणि घरची मंडळी बहुधा जमिनीवर बसलेली.) तरी शेवटी दार उघडून म्हणाला काय, तर, "अरे वा, किती छान! आम्ही वाटच बघत होतो." तुला सोडलं तर आपल्या मुलखात तोंडावर नाही म्हणणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

आता रविवारची हकिगत. माझी एनिड गेल्यापासून दोन वर्षांत मी पबात जेवायला गेलो नव्हतो. (टोस्टवर बीन्स घालून खाल्ले की एकच बशी धुवावी लागते.) गेल्या रविवारी मात्र अंघोळ करून, टाय बांधून गेलो. एनिडला तिथल्या भाजलेल्या बीफबरोबर घरचीच जिंजर बीअर लागायची, म्हणून एक बाटली कोटाच्या आतल्या खिशात लपवून नेली. बाहेरचं पेय आणू नये अशी पाटी मालकीणबाई हेटीने दारातच लावली आहे, आणि एनिड ती पाटी वाचता येत नसल्यासारखी आत शिरायची. मे महिना असला तरी तो यॉर्कशरचा मे, तेव्हा शेकोटी पेटलेली होती. कोट मी खुर्चीच्या पाठीवर टाकला. खुर्चीची पाठ शेकोटीकडे होती, हे नंतर लक्षात आलं.

शेजारच्या टेबलावर मिस विनिफ्रेड सग्डेन एकट्याच बसल्या होत्या. वाचनालयातल्या त्याच. वीस वर्षं त्यांनी माझ्या पुस्तकांवर शिक्के मारले, पण 'आज गारठा आहे' यापुढे आमचं बोलणं कधी गेलं नाही. हेटीने दोन ताटं आणली. मी बीफ मागितलं होतं. माझ्यापुढे आली दाणे-अक्रोड कुटून भाजलेली एक करडी वडी. ती चवीला कशी होती विचारू नकोस. (एकदा लहानपणी पैज लावून मी पुठ्ठा खाल्ला होता, तुला आठवत असेल.) अर्धी वडी कशीबशी गिळली तोच हेटी आली. "सगळं ठीक ना रे, राजा?" मी म्हटलं, "छान! फारच छान!" तिने मिस सग्डेनना विचारलं. त्याही म्हणाल्या, "छान! फारच छान!" त्यांचे डोळे पाणावलेले दिसले. मला वाटलं, मोहरी नाकात चढली असेल.

तेवढ्यात माझा कोट फुटला. म्हणजे बाटलीचं बूच उडालं, छताला लागून मिस सग्डेनच्या ग्रेव्हीत पडलं, आणि पाठोपाठ फेसाचा फवारा दोन्ही टेबलांवर. पब गच्च भरलेला होता, पण एकानेही मान वळवली नाही. कोपऱ्यातला एक गृहस्थ तर हवेबद्दल बोलू लागला. हेटी फडकं घेऊन धावली. "काही काळजी करू नका हं मिस सग्डेन, तुम्हाला दुसरं बीफ आणते!"

"नको!" मिस सग्डेन एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की वाचनालयात असत्या तर त्यांनी स्वतःलाच बाहेर काढलं असतं. "मी एकतीस वर्षं मांस खाल्लेलं नाही!"

"अहो, मग अर्धं ताट संपवलंत कसं?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने विचारलंत, हेटी."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "मिस सग्डेन, तुमची वडी मी खाल्ली. भयंकर होती." त्या हसायलाच लागल्या. ताई, हसता हसता त्यांनी माझ्याच टेबलाशी खुर्ची ओढली. बाटलीत उरलेले दोन घोट हेटीनेच पेल्यात ओतले. मिस सग्डेन चाखून म्हणाल्या, सुंठ आणखी चालली असती. एनिडही हेच म्हणायची. येत्या रविवारी आमचं दोघांचं टेबल ठरलं आहे, आणि बाटली खिशात न लपवता, बूच दोऱ्याने बांधून आणावी अशी हेटीने परवानगी दिली आहे.

तुझा,
सेसिल

ता. क. विरजण छान आहे असं वर लिहिलंय, ते खरं नाही. सोमवारी उत्साहाच्या भरात मी सगळं घर घासलं आणि त्या बरणीतही कढत पाणी ओतलं. ते मेलं. परत मागायला अकराही घरी जाऊन आलो. सगळे म्हणाले, छान आहे, मस्त वाढतंय. दाखवायला मात्र एकानेही आणलं नाही. तेव्हा तुझ्यातलं अर्धं ताबडतोब पाठव. आईचं विरजण माझ्या हातून गेलं, याचं फार वाईट वाटतंय.

ता. क. दुसरा. पाठवू नकोस. आत्ता साडेचारला विनिफ्रेड दारात आली, हातात बरणी घेऊन. पॉग्सनने त्याचा वाटा मार्चातच तिच्या गळ्यात मारला होता, आणि टाकलेलं चालतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं! "अर्धं हवंय का? पण तुमचं तर छानच असेल," ती म्हणाली. मी म्हटलं, "छान! फारच छान!" आणि दार लावलं. मग आतल्या बाजूला उभा राहून स्वतःला चार शिव्या दिल्या, रिकामी बरणी आणि चमचा उचलून घरातल्या सपाता घालून तसाच धावलो, आणि पॉग्सनच्या कुंपणापाशी तिला गाठून सांगितलं, की माझं मेलंय, मला हवंय. तिने तिथेच चमच्याने अर्धं करून दिलं. रविवारसाठी हेटीला तीन ताटं सांगितली आहेत. गुडघा घेऊन ये. ताटं पुन्हा चुकली तर बोलायला कुणीतरी हवं. आम्हा दोघांच्याने ते व्हायचं नाही.

ता. क. शेवटचा. मी मजेत आहे असं सुरुवातीला लिहिलंय. तसं दोन वर्षं प्रत्येक पत्रात लिहीत आलो आणि प्रत्येक वेळी ते खोटं होतं. आत्ता खोडायला पेन उचललं होतं. पण साडेचारपासून ते खरं आहे, म्हणून राहू दिलं.