बाक नीट काढा

२ नोव्हेंबर, शनिवार

जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. खालून टेम्पोवाला रेटत होता, वरून मी ओढत होते, आणि खुर्चीत बसलेले बाबा आम्हा दोघांना रिव्हर्स कसा घ्यायचा ते सांगत होते. थोडं डावीकडे, साहेब, आता सरळ सोडा. बाबांनी आयुष्यभर बस चालवली. पाय गेल्यापासून ते इतरांचं ड्रायव्हिंग सुधारतात. मला ते लहानपणापासून साहेब म्हणतात. खुर्ची सुटली. भिंतीचा थोडा रंग गेला आणि टेम्पोवाल्याला हसू आवरेना.

वरच्या दोन खोल्या आमच्या. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते आणि तिचा कट्टा बरोबर बाबांच्या कोपराच्या उंचीला येतो. समोर शिंप्याचं दुकान, त्याला लागून चाव्या करणारा, कोपऱ्यावर सिमेंटचा बाक आणि बाकावर दोन म्हातारे. बाबा म्हणाले, टीव्ही घ्यायची गरज नाही. सोमवारपासून मला दवाखान्यात एक्स-रे विभागात रुजू व्हायचं आहे. खूप दिवसांनी इतकं हलकं वाटतंय.

घरमालक खालीच राहतात. दातांचे डॉक्टर होते, आता काम बंद केलंय. जिन्याखाली उभे राहून सगळं बघत होते. मदत केली नाही. मालकीणबाई दारातही आल्या नाहीत.

४ नोव्हेंबर, सोमवार

दवाखान्यातून आले तर डॉक्टरांनी खाली बोलावलं. त्यांची जुनी पेशंटची खोली तशीच आहे. मध्ये ती मागे झुकणारी खुर्ची, शेजारी चूळ भरायचं भांडं. त्या भांड्यात आता फोटो धुतात आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालतात. म्हणाले, आयुष्यभर दात काढले, आता फोटो काढतो. मी म्हटलं, मीही दिवसभर काढतच असते, हाडांचे. ते हसले नाहीत. म्हणाले, मग तुम्हाला कळेल.

दर रविवारी ते स्वतःला एक विषय देतात आणि त्यावर एक फोटो. दाखवलेला प्रत्येक माणूस छान म्हणतो, आणि छान म्हटल्यावर पुढे काय करायचं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. फोटो ते आमच्या दाराखालून सरकवणार. मी मागच्या बाजूला दोन ओळी लिहायच्या, मैत्रीच्या नात्याने, काय सुधारता येईल ते. मला कल्पना आवडली. इथे ओळख होईल कोणाशी तरी.

मालकीणबाईंनी चहा आणला आणि माझा कप इतका लांब ठेवला की मला उठावं लागलं. त्यांच्या डाव्या हाताला अंगठीचं बोट नाही. नवऱ्याला म्हणाल्या, वरच्यांचा नळ फार वाहतो. मी समोरच बसले होते.

१० नोव्हेंबर, रविवार

विषय: रस्ता. आमचाच रस्ता, सकाळचा. सावल्या चांगल्या आल्यात, पण कोपऱ्यावरचा बाक अर्धा कापला गेलाय. बाबा म्हणाले, लिही, ड्रायव्हरने आरशात बघितलेलं नाही. मी लिहिलं: उजेड सुंदर. फक्त कोपऱ्यातला बाक अर्धवट वाटतो. तो नीट काढा.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दाराखाली तोच फोटो, पुन्हा घेतलेला. त्यात बाक नाही. पांढऱ्या कडेवर बारीक अक्षरात लिहिलंय: सूचना अमलात आणली. आभारी आहे.

खाली उतरले तर कोपऱ्यावर बाक नव्हता. उखडल्याची खूण नाही, फरशी सलग. ते दोन म्हातारे तिथेच उभे होते आणि आमच्या खिडकीकडे बघत होते.

बाबांची पँट आखूड करायला शिंप्याकडे गेले, तेव्हा बाकाचं विचारलं. कुठला बाक, म्हणाला. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढल्याही नाहीत. मग म्हणाला, नवीन माणसाने आपलं काम बघावं. चाव्यावाला पलीकडून हसला.

घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, बाक कुठे होता, साहेब? ते दोघं पहिल्या दिवसापासून उभेच असतात. मी वहीची मागची पानं बघितली. बाक आहे. मी लिहिलाय.

बाबांची स्मरणशक्ती कमी होत असेल का? डॉक्टरांना विचारायला हवं. दवाखान्यातल्या.

१७ नोव्हेंबर, रविवार

विषय: शेजारी. शिंपी मशीनवर वाकलेला. पुढे कापडांचा ढीग, त्यामुळे चेहरा धूसर. माणूस उर्मट आहे, पण चेहरा बघण्यासारखा आहे. मी लिहिलं: शिंपी या फोटोचा जीव आहेत, पण ढिगामागे हरवलेत. ढीग नको. त्यांना एकट्याला काढा, जवळून.

मग वाटलं, फार शिकवल्यासारखं झालं. खाली एक ओळ जोडली: बाकी फारच छान.

२० नोव्हेंबर, बुधवार

या गल्लीत माझ्याशी कोणी बोलत नाही. मी आले की चाव्यावाला कानस थांबवतो आणि मी गेल्यावर पुन्हा घासायला लागतो. म्हातारे सरकत नाहीत, त्यांना वळसा घालून जावं लागतं. आज एकजण माझ्या पायाजवळ थुंकला.

जिन्यात मालकीणबाई भेटल्या. म्हणाल्या, त्यांना लिहितेस ते शब्द बघून लिहीत जा, ते फार मनावर घेतात. मी म्हटलं, मला जमतं तसं लिहिते. त्या म्हणाल्या, तेच तर. आणि दार लावून घेतलं. मला वाटतं त्यांना मी घरात नको आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

विषय: हात. मालकीणबाईंचे हात टेबलावर पालथे ठेवलेले. चार बोटांचा तो हात पुढे घेतलाय. बघवत नाही. काय लिहायचं सुचेना. बाई त्यांची बायको आहे आणि तिला असं बसवलंय.

बाबा कट्ट्यावर हात टेकून बसले होते. मोठे, गाठीगाठींचे, स्टिअरिंग धरून धरून तसेच वळलेले. पाय गेले पण हात राहिले. स्वतः जेवतात, पेपर धरतात, चाकं फिरवून खिडकीपर्यंत जातात, मी कामावर गेले की त्यांच्या दिवसाला तेवढाच आधार. विषय बदलायला बरा म्हणून मी लिहिलं: मालकीणबाईंना किती वेळ बसवणार! पुढच्या रविवारी आमच्या बाबांचे हात काढा.

बाबा खूश झाले. म्हणाले, नखं कापून ठेव.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पँट आणायला गेले.

दुकान नाही. बंद असं नाही, नाहीच. चाव्यावाल्याचं दुकान आणि पलीकडचा गिरणीवाला यांच्यामध्ये एकच भिंत आहे. चाव्यावाल्याला शिंप्याचं विचारलं. तो कानस हातात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, तू आल्यापासून इथे काहीतरी बिघडलंय. काय ते सांगता येत नाही. पण तू आल्यापासून.

बाबा म्हणाले, कसली पँट, साहेब?

वहीत उतरवलेल्या दोन्ही सूचना पुन्हा वाचल्या. बाक. शिंपी. मी दोन्हीकडे एकच शब्द लिहिलाय. फोटो काढा, या अर्थाने. आपण सगळेच तसं म्हणतो. त्यांनी तो दुसऱ्या अर्थाने घेतला. दातासारखा.

परवा मी बाबांच्या हातांबद्दल

२७ नोव्हेंबर, बुधवार

कामावर गेले नाही. डॉक्टर फिरायला गेल्यावर मालकीणबाईंकडे गेले. त्यांनी आत घेतलं नाही, उंबऱ्यातच बोलल्या. म्हणाल्या, ते हे गंमत म्हणून करत नाहीत. कोणी सुधारणा सांगितली की करायची, एवढंच त्यांना येतं. पूर्वी मीच लिहायचे. मग हात पुढे केला.

“मी लिहिलं होतं, अंगठी काढा. अंगठी नवीन होती गं.”

म्हणाल्या, हे म्हणतात, तुझं बोट लग्नाआधीपासूनच नव्हतं. माहेरचेही तसंच म्हणतात. लिहिणाऱ्यालाच तेवढं आठवतं. तेव्हापासून बाईंनी लिहिणं सोडलं आणि डॉक्टर वरच्या खोल्यांत भाडेकरू ठेवायला लागले.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, तू लिहीत होतीस तोवर मला कोणी लिही म्हणत नव्हतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांशी बोलले. ते भांडं पुसत होते. सांगितलं, माझ्या लिहिण्यात चूक झाली, मला फोटोच म्हणायचं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, पेशंट खुर्चीत बसला की घाबरतो आणि हा नव्हे, तो नव्हे म्हणायला लागतो. त्याचं ऐकलं असतं तर माझ्या हातून एकही दात निघाला नसता.

मी पाया पडले. खरंच पडले. ते मागे सरकले.

“हे नको तर दुसरं सांगा. तोंड उघडलं आहे, आता काहीतरी निघायलाच हवं.”

रविवारी सकाळी वर येणार. तेव्हा उजेड चांगला असतो.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

टेम्पोवाल्याला फोन केला. त्या गल्लीत येत नाही म्हणाला. रिक्षावाला आला, पण खुर्ची जिन्यातून उतरवायला कोणी हात लावेना. चाव्यावाला बघत उभा. म्हातारे बघत उभे. मी बाबांना पाठीवर घ्यायला गेले, दोघेही पायऱ्यांवर पडलो. बाबांच्या कपाळाला लागलं. ते ओरडले माझ्यावर, असे कधी ओरडले नव्हते. कशापासून पळतेस ते तरी सांग.

काय सांगू. त्यांना बाक आठवत नाही.

आम्ही पडलेले असताना डॉक्टर आमच्या अंगावरून पाय टाकून वर गेले आणि आमची खिडकी पुसून आले.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बाबांच्या हातून कप पडला. म्हणतात बोटं सुन्न झालीत. पालथ्या हातावरच्या शिरा पुसट —

फोटोमागे लिहून खाली दिलं: खिडकीतली कुंडी काढा.

परत आलं. कडेवर: विषय हात आहे. कुंडीला हात नसतात.

हात असलेलं हवं.

चाव्यावाल्याला हात आहेत. कानस धरणारे. त्या थुंकणाऱ्या म्हाताऱ्याला आहेत. मालकीणबाईंना आहेत, आणि त्यांना तर सवय — लिहिलं. चाव्यावाल्याचे, असं लिहिलं. उद्या कोणाला आठवणारही नाही, मला सोडून. खिडकीतून बघितलं. तो चावी उजेडात धरून फुंकर मारत होता.

फाडलं.

बाबा पेपर तळव्यांमध्ये दाबून धरतात. पान उलटता येत नाही. मला हाक मारत नाहीत, तोंडाने उलटायला बघतात —

१ डिसेंबर, रविवार

आले. कॅमेरा, स्टँड. बाबांना म्हणाले, हात कट्ट्यावर ठेवा. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी चष्मा लावून वाचली: बाबांचे हात राहू द्या. माझे काढा.

म्हणाले, ही सूचना चांगली आहे. स्पष्ट आहे.

मी कट्ट्यावर हात ठेवले. एकदाच आवाज झाला. दुखलं नाही. जाताना त्यांनी आभार मानले.

दुपार. बाबांना बोटं जाणवायला लागलीत. मुठी आवळून बघतायत, हसतायत. म्हणाले, थंडीने झालं असेल.

माझी डावी करंगळी दिसत नाही. आहे असं वाटतं, दिसत नाही.

संध्याकाळ — डावा गेला. बाबांनी बघितलं आणि काहीच — नेहमीचंच असल्यासारखं —

उजव्याने लिहितेय तोवर. मी एक्स-रे काढायचे. मी बाबांची दाढी करायचे, गालाला कधी लागू दिलं नाही. परवा नखं कापली त्यांची. माझं अक्षर चांगलं होतं, शाळेत फळ्यावर मलाच — बाबा, हे मी लिहिलंय, हे माझं

२ डिसेंबर, सोमवार

ही वही आमच्या साहेबांच्या उशाखाली सापडली. आधीच्या भाडेकरूची असावी. अक्षर वळणदार आहे. दोन-चार पानं वाचली, त्यात माझ्यासारखाच एक ड्रायव्हर आहे, म्हणून तिला गंमत दाखवायला नेली. कोणी लिहिलं असेल विचारलं, तर रडायला लागली. पोरीला जन्मापासून हात नाहीत, त्यावरून कधी रडली नव्हती. सकाळी तिला चहा पाजला. अर्धा प्यायली. केस विंचरून दिले.