हदासा की हादसा

नोव्हाय, अमेरिका, २० ऑगस्ट २००६

आठवडाभर लिहायचं टाळलं. लिहिलं की नूर गेली हे खरं होणार.

नूर बैरुतची. उत्तर-आधुनिक विचार अरब तत्त्वज्ञांनी कसा स्वीकारला, यावर तिची पीएचडी. तिच्या एका लेक्चरला मी फुकटच्या फलाफलसाठी घुसलेलो. (तसं फलाफल आजही कुठंही दिसलं की मी थांबतोच.) ती म्हणाली, त्याला अरबीत म्हणतात ‘मा बाद अल-हदासा’, आधुनिकतेनंतरचं. मला ऐकू आलं, हादसे के बाद! पोट धरून हसली. “गाढवा, मूळ धातू एकच आहे.” तेव्हापासून मला ‘हादसा’च म्हणायची.

मग गेल्या महिन्यात तिकडच्या युद्धात, बॉम्बहल्ल्यात तिचा भाऊ गेला. तिनं पीएचडी सोडली, बैरुतला परतायला बॅगा भरल्या. मी म्हटलं, “यार, थिसिस तरी पूर्ण कर.”

“पॅरिसचे तत्त्वज्ञ म्हणतात, प्रगती, मुक्ती असल्या मोठ्या कथा संपल्या. आमचे अरब विचारवंत काही टाळ्या वाजवतात, काही शिव्या घालतात. आईला यातलं काय सांगू? तुझाच अर्थ बरोबर होता, हादसा.”

हादशानंतर. माझी चूकच का खरी ठरावी? आणि आता मला त्या नावानं कोण हाक मारणार?

वहिनी बेसमेंटच्या जिन्यावरून ओरडतेय, “अरे, नूरचे प्रोफेसर आलेत दारात! विचारतायत, हादसा इथंच राहतो का?”