हात कुठं थांबतो

५ मार्च, बुधवार

मेहुणी आली. बुधवार म्हणजे वाचनाचा वार. रविवारच्या अंकातलं माझं सदर मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचतो, ती मटार सोलत ऐकते आणि सोलणारा हात जिथं थांबतो तिथलं चित्र काढते. अंकात लेखाशेजारी तेच छापतात. वर्षानुवर्षांचा रिवाज! मान डोलावणं नाही, 'वा' म्हणणं नाही. नुसते दाणे टपटपतात.

आजचा लेख पोस्टात दोरीला बांधलेल्या पेनावर. आरंभी 'लेखणी' शब्दाची व्युत्पत्ती सांगितली — टपटप, टपटप. मग तो डावखुरा माणूस आला. दोरी पुरेना म्हणून टेबलाला वळसा घालून, उलटा वाकून सही करणारा. तिथं हात थांबला.

"भाऊजी, व्युत्पत्ती ठेवणार आहात?"

"का? विद्वत्तेचं ओझं होतं?"

"मला कशाला होईल! तेवढ्यात अर्धी परात सोलून झाली की."

व्युत्पत्ती कापली. जागेअभावी, असं मनाला सांगितलं.

६ मार्च, गुरुवार

संपादकांनी बोलावलं. माझ्याहून बरेच लहान. 'सर' म्हणाले की समजावं, काहीतरी अप्रिय येतंय. यापुढे सदराची चित्रं संगणक काढणार. अर्ध्या मिनिटात! "मॅडमना तुम्हीच सांगाल ना, सर? घरचंच माणूस आहे."

घरी येऊन फोनभोवती घिरट्या घातल्या. शेवटी सौ.नेच उचलला. "तुम्ही सांगणार? तुमचं मंगलाचरण संपेस्तोवर ती म्हातारी होईल!" धाकट्या बहिणीला एका वाक्यात सांगून मोकळी.

पलीकडून हसू ऐकू आलं. मग काहीच नाही. मग — "भाऊजींना म्हणावं, आता मटार तुम्हीच सोला."

मधल्या त्या 'काहीच नाही'नं जेवण गेलं नाही.

१२ मार्च, बुधवार

मटार मीच सोलले. लेख ऑफिसातल्या बंद पडलेल्या लिफ्टवर, सौ.ला वाचून दाखवला. "छान आहे," म्हणाली — डोळे मिटून. पुढच्या परिच्छेदाला घोरू लागली.

मग संगणकालाच मत विचारलं. 'अत्यंत संवेदनशील आणि प्रभावी लेखन!' गंमत म्हणून नळ दुरुस्त करणाऱ्याला पाठवायचा निरोपही त्यालाच वाचायला दिला. निरोपही संवेदनशील निघाला.

संध्याकाळी संपादकांनी चित्रही पाठवलं. देखणं आहे, खोटं कशाला बोलू! लिफ्टमध्ये अडकलेली माणसं हसताहेत, आणि लिफ्टच्या आत सूर्यास्त होतो आहे.

१६ मार्च, रविवार

खालच्या मजल्यावरच्या काकू दर रविवारी जिन्यात अडवून माझ्या लेखावर भांडतात. आज म्हणाल्या, "वाचला. बरा होता."

बरा! त्यापेक्षा शिवी परवडली.

वर येऊन पुन्हा वाचला. चौथा परिच्छेद केवढा लांब! बुधवारी तिथं दाणे धडाधड पडले असते आणि गुरुवारी मी तो निमूट छाटला असता — जागेअभावी! म्हणजे इतकी वर्षं… असो. लिहिणारा मी एकटाच, असं समजत होतो.

१८ मार्च, मंगळवार

फोन केला. "बाईसाहेब, चित्राचं राहू द्या. नुसतं ऐकायला या."

"सोलायला म्हणा की सरळ!"

"चहा मी करीन."

"मग नकोच."

पण येते म्हणाली.

१९ मार्च, बुधवार

आली. लेख दवाखान्यातल्या बाकावर, नंबर येईपर्यंत बसून राहणाऱ्या माणसांवर. कालगणनेविषयी दोन शब्द घातले होते. दाणे असे उडाले की एक माझ्या चष्म्यावर!

मग एक ओळ आली. बायको तपासणीला आत गेली आणि आजोबांनी तिच्या जागेवर आपली टोपी ठेवली. कुणी बसू नये म्हणून.

हात थांबला. मीही थांबलो. कुकरनं शिट्टी दिली तरी कुणी उठेना.

मटारांची कागदी पिशवी तिनं टरकावली, सपाट केली आणि माझंच पेन ओढून घेतलं. बाक काढला. बाकावर टोपी. बस्स.

"आजोबा कुठायत?"

"इथंच आहेत की. टोपी कुणी ठेवली मग?"

परात पुढ्यात ओढत ती हळूच म्हणाली, "कुणी मागितलं नव्हतं हो. पण हात नुसता शिवशिवत होता त्या दिवसापासून."

उद्या लेखाबरोबर पिशवीही संपादकांच्या टेबलावर. वाक्य पाठ करून ठेवलंय — बघा, घरचंच माणूस आहे!

२३ मार्च, रविवार

अंक उघडला. तिची टोपी अर्धं पान भरून! लेख मात्र नाही. चित्राखाली माझी एकच ओळ, टोपीची. संपादक फोनवर म्हणाले, "सर, बाकीचं चित्रात आलंच होतं. यापुढे असंच करू या का?" काकू जिन्यात भांडल्या नाहीत, चष्मा पुसत राहिल्या. सौ. हसून लोटपोट — "वाचवायला गेलात तिला, आणि गाळले गेलात तुम्ही!"

राग यायला हवा. येत नाही.

बुधवारी चित्र ती आणणार आहे, खालची ओळ माझी. मटार मी सोलायचे. माझा हात कुठं थांबतो, ते तीच बघेल.