ओलाव्याचा काटा

बाबा, चार दिवसांची रजा घेऊन गावी, बेल्याला आलोय, पण जीव थाऱ्यावर नाही. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तुम्ही असता तर माझं तोंड पाहूनच विचारलं असतं.

कापसाच्या जिनिंगमधला तो दिवस डोक्यातून जात नाही. कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्या हाताखाली होतो. ओलावा मोजायच्या यंत्राचा काटा पाहून मी एक गाडी कोरडी म्हणून पास केली. तुम्ही येता, गाडीत कोपरापर्यंत हात खुपसता, तळातला मूठभर कापूस काढून गालाला लावता आणि सगळ्यांसमोर ओरडता, "काऊन रे, काट्याले गाल हाय का? ओला कापूस गंजीत गेला का आतल्या आत तापते. पेटल्यावर काटा येईन का विझवाले?" मला तुमचा फार राग आला होता.

आता गोदावरी समुद्राला मिळते तिकडे गॅसच्या प्लांटवर माझंही काम सुकवण्याचंच आहे. जमिनीतून गॅस ओला येतो. एक दाट द्रव त्यातलं पाणी शोषतो, मग द्रव तापवून पाणी उडवायचं आणि तोच पुन्हा वापरायचा. तुमचं ऊन फुकट होतं, आमच्या भट्टीला गॅसच जाळावा लागतो. गेल्या महिन्यात मी भट्टीची आच उतरवली. इंधन वाचलं, काटा कोरडंच दाखवत राहिला, साहेबांनी पाठ थोपटली. पण आच कमी पडली तर द्रवात पाणी उरतं आणि गॅस ओलाच पुढे जातो. दाबाखाली पाइपात त्याचा बर्फासारखा गोळा धरतो. तो अडकला की पुढचा दाब पडतो, आणि सुटला तर गोळीसारखा धावतो. पाइपापाशी माणसं असतात, बाबा. मला भीती वाटते.

काल शिफ्टवरच्या सहकाऱ्याचा फोन आला. "सर, लाइन का प्रेशर थोड़ा गिर रहा है."

"मीटर क्या बोलता है?"

"सूखा ही बोलता है, सर."

"फिर ठीक है," मी म्हणालो.

ओलाव्याच्या त्या मीटरची तपासणी राहून गेली आहे, मी आच उतरवली त्याच्याही आधीपासून. हे मला तेव्हाही माहीत होतं. अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगून टाकलं, कारण तुम्ही आता ओरडत नाही.